दिवाबत्तीची जमीन

हुबळीहून धारवाडकडे निघालं की विद्यानगर मागे पडतं आणि उणकलचं तळं दिसू लागतं. गावात चालुक्यांच्या काळातलं चंद्रमौळेश्वराचं देऊळ आहे आणि अलीकडे विद्यानगरात 1947 साली भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालेली संस्था. अशा कॉलेजांत शिकू पाहणाऱ्या मुलांना आज शिष्यवृत्तीच्या कित्येक अर्जांत दोन गोष्टी भराव्या लागतात: परीक्षेतले गुण आणि केलेलं समाजकार्य. नुसत्या हुशारीला पैसे देऊ नयेत, समाजाकडे पाहणारी हुशारी निवडावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण समाजकार्याचा पुरावा अर्ज करतानाच मागणं ही उलटी रीत आहे असं मला वाटतं. या मुलखाला विद्यार्थी पोसण्याचा हजार वर्षांचा अनुभव आहे आणि तो वेगळंच सांगतो. इथे समाजाचं देणं ही मदतीची अट कधी फळाला आली नाही. ते देणं मदतीतून आपोआप उगवलं, आणि देणाऱ्याने मुलाच्या जेवणाची, राहण्याची, उजेडाची सोय आधी केली तिथेच उगवलं.

विजापूरकडच्या साळोटगीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला 945 सालचा शिलालेख सापडला आहे. तिथल्या शाळेत दूरदूरच्या प्रदेशांतून मुलं येत. त्यांच्या निर्वाहासाठी जमीन दान दिली होती आणि दिव्यांसाठी 12 निवर्तनं जमीन वेगळी काढून ठेवली होती. अंधार पडल्यावर पोथी दिसायला तेल लागतं, एवढी बारीक गोष्ट दान देणाऱ्यांच्या डोक्यात होती. पुढे पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. तिथे आधी परीक्षा आणि मग पैसे, असा क्रम होता. इंग्रजांनी ती रक्कम 50 हजारांवर आणली आणि तिच्यातूनच पुढे दक्षिणा फेलोशिप निघाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. त्यांच्याकडून समाजसेवेची हमी कुणी लिहून घेतली नव्हती, आणि त्यांनी समाजाला काय दिलं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

फेलोशिप मोजक्यांना मिळे. बाकीच्या गरीब ब्राह्मण मुलांना आधार होता तो वारांचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात पानांवर वाटून घ्यायचे. एखादं घर गावाला गेलं की त्या वारी उपास. मराठीतलं वार लावून जेवणं आणि कानडीतलं वारान्न ही एकच चाल आहे, आणि पुण्यापासून धारवाडपर्यंत तिच्या जोरावर अनेक मुलं शिकली. पण जातीच्या पंगतीबाहेरच्या मुलाला हे दार बंद होतं. शेतकऱ्याचा, विणकराचा मुलगा धारवाडला शिकायला आला तर वार मागायला जाणार कुठे? शिवाय 1917 पर्यंत धारवाडला कॉलेजच नव्हतं. मॅट्रिकनंतर पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावं लागे, आणि तो खर्च वारांवर भागणारा नव्हता.

ही अडचण ओळखून 1883 साली अरटाळ रुद्रगौडा, गिलगंची गुरुसिद्धप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारवाडला लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि निधी उभा केला. शिरसंगीचे लिंगराज देसाई त्याही पुढे गेले. 1904 साली धारवाडला वीरशैव महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे संस्थानाची मिळकत समाजातल्या मुलांच्या शिक्षणाकडे गेली. जमीनदाराने आपली मिळकत शिकणाऱ्या मुलांच्या नावे करणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज नीट ध्यानात येत नाही.

यावर आक्षेप येईल की हे सगळं जातीपुरतंच होतं, मग त्याला समाजकार्य कसं म्हणायचं? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच काळात दिलं जात होतं. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. त्यांतलीही बरीच एकेका समाजासाठी होती, पण एका समाजावर न थांबता त्यांनी ती मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य अशी वाढवत नेली. तेच शाहू महाराज जुलै 1920 मध्ये हुबळीच्या ब्राह्मणेतर परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलले. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलितवर्ग शिक्षण संस्था काढली, आणि तिच्याकडे आलेल्या वसतिगृहांत धारवाडचंही एक होतं. वर्तुळ रुंद झालं ते असं, एकेका नव्या वसतिगृहाच्या दाराने.

अट घालून काय होतं, याचा दाखलाही बाबासाहेबांचाच आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेला पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी, असा करार होता. महाराजांचा हेतू उदार होता यात शंका नाही. पण 1917 साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून त्यांना हुसकून लावलं गेलं. करार कागदावर राहिला. पुढे त्यांनी आयुष्यभर केलेली सेवा कुठल्याही करारात मावली नसती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अट नसेल तर शिष्यवृत्ती घेऊन मुलं परदेशी निघून जातील, समाजाला काय मिळालं? काही जातील, गेलेही असतील. तो तोटा देणाऱ्याने सोसायला हवा. कारण अर्जातल्या त्या रकान्याने गाळली जातात ती मुलं वेगळीच आहेत. पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडाला शाळेत सोडून, आजारी आजीचं औषधपाणी करून कॉलेजला येणाऱ्या मुलीकडे समाजकार्याचं प्रमाणपत्र नसतं. ज्याच्या घरी नोकर आहे, त्याला शिबिराला जायला सुट्टी असते. आधीच्या पिढ्यांचे निधी बहुतेक मुलग्यांच्याच वाट्याला गेले. मुलींच्या बाबतीत तीच चूक आपण प्रमाणपत्राच्या रूपाने पुन्हा करतो आहोत. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना समाजाची ओढ असलेलीच मुलं हवी असतील, तर त्यांनी वसतिगृह चालवावं, मेस चालवावी, मुलांना एकत्र राहू द्यावं, आणि घरची कामं हेही काम म्हणून मोजावं.

अशी मदत परत कशी येते, हे इथेच पाहायला मिळतं. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी महिना 75 रुपयांवर 20 वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं होतं, गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून 13 नोव्हेंबर 1916 रोजी बेळगावात सात तरुण शिक्षकांनी शाळा काढली. तीच कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी. तिनेच 1947 साली हुबळीत भूमरड्डी कॉलेज उभं केलं. बेळगावच्या त्या शाळेला पुढे गिलगंची-अरटाळ हायस्कूल असं नाव देण्यात आलं. 1883 साली मुलांसाठी निधी गोळा करणाऱ्या दोघांची ती नावं आहेत.