लंडनच्या पावसात जमलेलं जॉर्जिया

१९८५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, अथेन्स या कॉलेजच्या गावातली चार पोरं लंडनच्या वुड ग्रीन भागात थंडी-पावसात रेकॉर्डिंग करत होती. बँडचं नाव आर.ई.एम. पहिले दोन अल्बम त्यांनी ओळखीच्या निर्मात्यांबरोबर, आपल्याच मुलखात केले होते. या वेळी निर्माता होता निक ड्रेकबरोबर काम केलेला जो बॉइड. दौऱ्यांनी दमलेले चौघं तिथे फुटायच्या बेतात आले.

त्यातून आला 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन'. तो विस्कळीत आहे, तरी त्यांच्या नीटनेटक्या अल्बमांपेक्षा मला जवळचा वाटतो.

हा बँड 'जँगल पॉप'वाला. त्याचा जंगलाशी संबंध नाही! गिटारच्या तारा एकदम न झोडपता एकेक छेडल्या की जी लखलखीत किणकिण उठते, ती जँगल. साठच्या दशकातल्या 'द बर्ड्स'ची ही खूण पीटर बकच्या गिटारनं ऐंशीत परत आणली. इथे मात्र पहिल्याच गाण्यात ती नाही. गिटार कर्कश, आणि खालून तंतुवाद्यांचं सावट.

रिकन्स्ट्रक्शन म्हणजे यादवी युद्धानंतर, १८६५ ते १८७७ या काळात, हरलेल्या दक्षिणेची नव्यानं केलेली घडी. गाण्यांत ते राजकारण नाही, दक्षिणेतल्या ऐकीव गोष्टी आहेत. एका गाण्यातला माणूस घराचे दोन भाग करून आलटून-पालटून राहतो. 'ड्रायव्हर ८'मध्ये सदर्न क्रेसेंट ही खरी रेल्वेगाडी येते. १९७९ मध्ये ती अ‍ॅमट्रॅककडे गेली आणि नावातलं 'सदर्न' गळालं. म्हणजे गाणं आलं तेव्हा ते नाव इतिहासजमा झालेलं. घरापासून इतक्या लांब बसल्यावर गावाकडचं असंच आठवत असणार, अर्धं खरं, अर्धं रचलेलं.

फसलंय कुठे? 'कान्ट गेट देअर फ्रॉम हिअर'मधली पितळी वाद्यं मला वरून चिकटवल्यासारखी वाटतात. दुसऱ्या बाजूची एक-दोन गाणी नुसतीच रेंगाळतात. आणि आवाज गढूळ आहे. बॉइडनं सांगितलंय की एरवी मिक्सिंगच्या वेळी प्रत्येक वादकाला आपलं वाद्य मोठं हवं असतं, इथे प्रत्येक जण आपलं कमी करा म्हणत होता. भांडणाऱ्या बँडचं हे लक्षण मला फार चमत्कारिक वाटतं.

पुढच्याच वर्षी, 'लाइफ्स रिच पेजंट'मध्ये, मायकेल स्टाइपचे शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले. इथे ते अजून धुक्यात आहेत. म्हणून सुरुवात 'ड्रायव्हर ८'पासून करा, आणि हेडफोन लावून.