जहाजफुटीच्या नोंदी आणि राक्षसभुवनची छावणी

बीड जिल्ह्याच्या नकाशात समुद्र कोठेही नाही. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, पण तीही पूर्वेच्या उपसागराकडे जाणारी. अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे, कित्येक मुक्कामांच्या अंतरावर. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बुडालेल्या जहाजांचा इतिहास चाळू लागले, की त्यातील एक धागा गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचतो. हा धागा म्हणजे ‘सुझाना’ नावाचे जहाज.

सन १८०१ च्या प्रारंभी फ्रेंचांना इजिप्तमधून हुसकावण्यासाठी हिंदुस्थानातून एक फौज तांबड्या समुद्रामार्गे पाठविण्याचे ठरले. या फौजेची जमवाजमव करणारा अधिकारी होता कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लूच्या लढाईमुळे जगप्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तो फौज घेऊन मुंबईस आला. मात्र सेनापतिपद त्याला न मिळता मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यास मिळाले आणि वेलस्लीकडे दुय्यम अधिकार आला. हा अपमान गिळत असतानाच तो मुंबईत तापाने आजारी पडला. ताप उतरला तोच त्याला चिवट खरजेने गाठले. त्या काळी तिला ‘मलबारी खरूज’ म्हणत, आणि तिच्यावर विरल केलेल्या नत्राम्लाच्या स्नानाचा उपाय करीत. बेअर्डला थांबणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये तो निघून गेला व वेलस्ली मुंबईतच राहिला. ज्या जहाजातून त्याने जायचे होते ते ‘सुझाना’ तांबड्या समुद्रात बुडाले. त्यावरील एकही मनुष्य वाचला नाही, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात.

बरा झाल्यावर वेलस्ली म्हैसूरला परतला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि १८०३ च्या एप्रिलमध्ये हाच वेलस्ली पुण्यात दाखल झाला. १२ ऑगस्ट रोजी त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला व महिनाअखेरीस तो टोक्याजवळ गोदावरी उतरून औरंगाबादेस पोहोचला. नदी तेव्हा भरलेली होती. तिच्यातून तोफा, बैल व माणसे पार करण्यासाठी त्याने बांबूच्या विणलेल्या, चामडे मढविलेल्या गोल टोपलीवजा नावा वापरल्या. शिंदे व नागपूरकर भोसले यांचे घोडदळ त्या सुमारास निजामाच्या मुलखात शिरले होते व त्याचा रोख हैदराबादकडे वळण्याची भीती होती. म्हणून वेलस्ली गोदावरीच्या काठाने खाली सरकला आणि सप्टेंबरच्या आरंभी राक्षसभुवनच्या आसपास त्याची छावणी पडली. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला तोच हा टापू. त्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला होता. वेलस्लीच्या छावणीनंतर थोड्याच दिवसांत, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई झाली आणि दख्खनच्या राजकारणाचे पारडे फिरले. मुंबईत खरूज झाली नसती तर या मोहिमेचे नेतृत्व दुसऱ्या कोणाकडे गेले असते. निकालही बदलला असता काय, हा प्रश्न इतिहासकारांनी हाताळावा असा आहे. वेलस्ली मात्र त्या जहाजावर नव्हता म्हणून गोदातीरी आला, एवढे खरे.

त्या काळात जहाज बुडणे ही क्वचित घडणारी गोष्ट नव्हती. इंग्लंड ते मुंबई हा प्रवास केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा असे. वादळ, खडक, आग आणि शत्रू ही हानीची चार मोठी कारणे. १८१० च्या डिसेंबरात मॉरिशस इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत त्या बेटावरून फ्रेंच खासगी लढाऊ जहाजे व्यापारी जहाजांची शिकार करीत. रोबेर सुर्कूफ या फ्रेंच कप्तानाने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ‘केंट’ हे कंपनीचे मोठे जहाज पकडले होते. मुंबईहून चीनला जाणारा माल मुख्यत्वे कापसाचा. असा माल पोटात भरलेल्या जहाजावर एक ठिणगी पुरेशी होई.

वादळांनी केलेली हानी सर्वांत मोठी. फेब्रुवारी १८०५ मध्ये ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ हे हिंदुस्थान व चीनकडे निघालेले जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ बुडाले व अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्याचा कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ हा कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थचा भाऊ. दोन वर्षांनी, १८०७ च्या जानेवारीत, ॲडमिरल ट्रूब्रिज ‘ब्लेनहाइम’ या जुन्या, पाणी झिरपणाऱ्या युद्धनौकेतून मद्रासहून केपकडे निघाला. सोबत ‘जावा’ नावाची दुसरी युद्धनौका होती. फेब्रुवारीच्या आरंभी मॉरिशसच्या पूर्वेस दोन्ही वादळात सापडल्या व त्यांचा पत्ता पुन्हा लागला नाही. ट्रूब्रिजचा मुलगा आपली नौका घेऊन बापाच्या शोधात फिरला, तोही रिकाम्या हाताने परतला. १८०८ च्या नोव्हेंबरात व १८०९ च्या मार्चमध्ये कंपनीच्या दोन तांड्यांतील मिळून सात जहाजे हिंदी महासागरात अशीच नाहीशी झाली.

खडकांचा धोका मात्र बराचसा अज्ञानातून येई. अक्षांश सूर्यावरून काढता येत असे. रेखांशासाठी अचूक कालमापक घड्याळ लागे, आणि ते महाग असल्याने अनेक जहाजांवर नसे. नकाशांत बेटे चुकीच्या जागी दाखविलेली असत. जेम्स हॉर्सबर्ग या स्कॉटिश खलाशाला याचा अनुभव १७८६ मध्ये आला. सदोष नकाशामुळे त्याचे ‘ॲटलस’ हे जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटले. तो मुंबईस आला, तेथून चीनकडे जाणाऱ्या जहाजांवर वर्षानुवर्षे फिरला आणि प्रत्येक फेरीत प्रवाह, खोली, वारे व वायुभार यांची टिपणे ठेवीत गेला. या टिपणांतून १८०९ ते १८११ या काळात त्याचा नौकानयनाचा मार्गदर्शक ग्रंथ तयार झाला व १८१० मध्ये कंपनीने त्याला आपला जलालेखक नेमले. १८३६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, पण नंतरही कित्येक वर्षे पूर्वेकडे जाणारे कप्तान त्याचाच ग्रंथ जवळ बाळगीत. एका फुटलेल्या जहाजाने इतरांचे इतके भले केल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

मुंबईच्या गोदीवर बेतलेला एक प्रसंग याहून चमत्कारिक आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची जहाजे तेथे बांधली जात. ‘मिंडेन’ ही मोठी युद्धनौका १८१० मध्ये, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली. १८१२ मध्ये आणखी एका नौकेचे आराखडे इंग्लंडहून मुंबईस निघाले. ज्या नौकेवर ते होते तिचेही नाव ‘जावा’ (१८०७ मध्ये बुडालेली वेगळी). २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठले व लढाईनंतर जाळून टाकले. आराखड्यांबरोबर मुंबईच्या गोदीसाठी निघालेले तांबेही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ मुंबईत पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही पाहावयास मिळते. जळालेल्या ‘जावा’वर मुंबईचे सेनापतिपद स्वीकारण्यास निघालेला सर थॉमस हिस्लॉप हाही होता. तो वाचला. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो याच हिस्लॉपने.

वेलस्ली, ट्रूब्रिज, हिस्लॉप अशी नावे नोंदींत ठळकपणे मिळतात. डोलकाठीवर चढणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीकडील व गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी मोठ्या संख्येने असत. सारंग आपली टोळी घेऊन येई, पगार त्याच्या हाती पडे आणि कप्तानाच्या दृष्टीने टोळी म्हणजे एक आकडा असे. जहाज बुडाले की अधिकारी व प्रवासी नावानिशी छापले जात, खलाशी बहुतेक वेळा ‘इतके इतके लश्कर’ एवढ्यावर संपत. घरच्यांना खबर लागे ती बचावलेल्या एखाद्या सोबत्याकडून, नाहीतर लागतच नसे.

माल किनाऱ्याला लागला तर तो कोणाचा, हाही जुना वाद होता. किनाऱ्यावर येऊन पडलेले गलबत व त्यातील माल तेथील राज्यकर्त्याचा, असा कोकणचा रिवाज. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांची फुटलेली जहाजे परत मिळावीत, असे कलम त्याने पुढे केले. हे कोकणच्या चालीविरुद्ध आहे आणि इंग्रजांना दिले तर फ्रेंच व डचही मागतील, अशी हरकत शिवाजी महाराजांनी घेतली होती. इंग्रज लेखक या रिवाजाला सर्रास चाचेगिरीच्या पंगतीत बसवितात. वस्तुतः इंग्लंडच्या किनाऱ्यावरही फुटलेल्या जहाजांवर जमीनदार हक्क सांगत, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कोल्हापूरच्या छत्रपतींना मालवण व सिंधुदुर्ग सोडावे लागले. लढाऊ गलबते न ठेवणे, फुटलेल्या जहाजांवरील हक्क सोडणे आणि संकटातील जहाजांना मदत करणे ही कलमेही त्यांच्यावर लादली गेली. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले गेले. शतकानुशतकांचा रिवाज कागदावर तरी तेथे संपला.

स्थानिक गलबतवाले पावसाळ्याशी झुंज घेत नसत. आगोट आली की मचवे, पडाव व शिबाडे किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हा पाण्यात जात. युरोपीय जहाजे मात्र नैर्ऋत्य वाऱ्यावरच पूर्वेकडे येत, त्यामुळे ती ऐन जूनमध्ये मुंबईच्या तोंडाशी पोहोचत. जून १८३७ च्या वादळात बंदरातील अनेक जहाजांची नासधूस झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, जून १८४० मध्ये, ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ व ‘कॅसलरे’ ही दोन जहाजे एकाच वादळात कुलाब्याच्या खडकांवर फुटली. पहिल्यावर कंपनीच्या लष्करात नव्याने भरती झालेले तरुण होते. महिनोन्‌महिने समुद्र ओलांडून आलेली ही माणसे शहर दिसण्याच्या अंतरावर बुडाली.

कुलाब्याला अठराव्या शतकापासून दीपगृह होते, १८२६ पासून वेधशाळा होती, १८३८ मध्ये मुंबईशी जोडणारा बांधही पूर्ण झाला होता. तरी भर पावसाळ्यात तो एकच दिवा पुरेसा नव्हता, कारण खरा धोका भूशिराच्या पुढे समुद्रात पसरलेल्या खडकांचा. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांसाठी खांदेरी बेटावर दीपगृह उभे राहण्यास १८६७ साल उजाडले, आणि कुलाब्याच्या त्या खडकांच्या टोकावर प्राँग्सचे दीपगृह १८७५ मध्ये पूर्ण झाले.