दोनदा लागलेलं दार

माझा जन्म १९५२ चा, फोंडा तालुक्यातला, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. त्या जन्मदाखल्यावरून आमच्या घरात बराच अबोला झाला, त्याची ही हकिकत.

ब्रिटनने आपल्याला दार लावलं ते दोनदा. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे जाऊन राहता, काम करता येई. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, मार्च १९६२ च्या आदेशाने आपण भारतीय नागरिक ठरलो आणि १ जुलै १९६२ पासून तिथे नोकरीचं व्हाउचर लागू झालं. तो मोकळा रस्ता आपल्याला जेमतेम काही महिने मिळाला.

दुसरा रस्ता लिस्बनवरून गेला. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला. पुढे त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय नोकरी करता येऊ लागली. स्विंडनला तर गोंयकारांची वस्तीच झाली. गोदामांत, हॉटेलांत राबणारी माणसं.

२०१४ मध्ये मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा जन्म लिस्बनला नोंदवूया." मी नाही म्हटलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. "आणि घाई कसली? दार कुठे पळून जातंय?" असंही वर बोललो.

२३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त संचार संपला. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायची मुदत मिळाली. नव्यांना मात्र ७० गुण हवेत: हातात नोकरी, कामाचा दर्जा, इंग्रजी, पगार. पगाराची सर्वसाधारण अट सुरुवातीला वर्षाला २५,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली. गोदामातलं काम यात बसत नाही. नव्याने जाणारा पोर्तुगीज पासपोर्टवाला आता भारतीयाच्याच रांगेत उभा.

शेजारचा मुलगा २०१५ मध्ये गेला, तिथे स्थिरावला. त्याचे आईवडील इथे दोघंच असतात. माझा मुलगा पुण्यात आहे, चतुर्थीला घरी येतो. कोणाचं बरोबर, मला सांगता येणार नाही. पण बँकेत मुदतीच्या तारखा सांभाळण्यात जन्म गेला आणि घरात मुलाच्या वतीने "थांब" मीच म्हटलं, हे टोचतं.

गेल्या चतुर्थीला त्याने पुन्हा दाखला मागितला. ब्रिटन बंद, पण बाकीचा युरोप आहे. या वेळी मी कपाट उघडलं आणि कागद त्याच्या हातात दिला. आता काय ते त्याने ठरवावं.