मनाने मन पाहावे कसे?

मागल्या दिवाळीत मी अमळनेरला मावशीकडे होतो. धनत्रयोदशीची दुपार, मावशी शेव पाडीत बसलेली आणि मी तिच्या समोर, चवीची परीक्षा करण्याच्या थोर कामगिरीवर. इतक्यात कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी दारात आली. सुटीत पुरा करावयाचा प्रकल्प होता, हाती छापील प्रश्नावली होती. पहिलाच प्रश्न होता : 'आपण सध्या किती सुखी आहात? एक ते पाच यांपैकी आकडा सांगा.'

मावशीने सोऱ्या थांबवला आणि अहिराणीत उलट प्रश्न टाकला. त्याचा मतलब असा, की तू विचारलेस त्या घडीपासूनचे सांगू, की त्याच्या आधीचे? आधी तर माझे सुखाकडे लक्षच नव्हते, शेवेकडे होते.

मुलगी हसली, मला मात्र हसू आले नाही. कारण मावशीने तेलाच्या कढईसमोर बसून जी अडचण काढली होती, तिच्यावर युरोपातल्या पंडितांनी शंभर वर्षे डोके खाजवले होते. आणि याच अमळनेरातून, १९३० साली, त्या अडचणीवर एक अपूर्व ग्रंथ बाहेर पडला होता.

अमळनेर म्हटले की वाचकांना बोरी नदीच्या पात्रातले सखाराम महाराजांचे स्थान आठवेल, साने गुरुजी आठवतील. १९५२ चे आणि अलीकडे २०२४ चे साहित्य संमेलन कुणाला आठवेल. १९४५ साली येथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली आणि तिचेच पुढे 'विप्रो' झाले, हेही आता शाळकरी पोरे सांगतात. तत्त्वज्ञान मंदिराचे नाव मात्र पुष्कळांच्या ओठांवर उशिराच येते. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली हे मंदिर उभे केले. मूर्ती नाही, घंटा नाही. ग्रंथ, आणि ते वाचून वाद घालणारी माणसे, एवढीच तेथली पूजासामग्री. सिंधमधून आलेले घनश्यामदास मलकानी तेथे वर्षानुवर्षे राहिले आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक चालवू लागले. बंगालचे रासविहारी दास आले, दक्षिणेतले टी. आर. व्ही. मूर्ती आले. या तिघांनी मिळून 'अज्ञान' या नावाचा एक अख्खा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध केला. 'मला ठाऊक नाही' असे माणूस म्हणतो तेव्हा त्याला नक्की काय ठाऊक असते, यावर तीन विद्वानांनी लेखणी झिजवावी, ही गंमत कापसाच्या बाजारपेठेच्या गावी घडली!

पण आपल्या प्रश्नाकडे वळू. मनाचे शास्त्र करावयाचे तर मन पाहावे कशाने? दगड डोळ्यांनी पाहता येतो, तारा दुर्बिणीने. मन मात्र ज्याचे त्यालाच दिसते. म्हणून पहिली पद्धत सुचली ती अंतर्निरीक्षणाची : ज्याने त्याने आत पाहावे आणि दिसेल ते सांगावे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंत याने एकोणिसाव्या शतकात तिलाच हरकत घेतली. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असेल तर पाहणे होणार कसे? राग आला असता 'पाहू बरे, हा राग कसा आहे' म्हणून आपण आत डोकावलो, की राग अर्धा विरून गेलेला असतो. मावशीची शंका याच जातीची.

जर्मनीत विल्हेल्म वुंट याने यावर तोड काढली. १८७९ साली लाइपझिग येथे त्याने प्रयोगशाळा थाटली. त्याचे म्हणणे असे की, 'सुखी आहात काय' असले ढोबळ प्रश्न नकोतच. एक ठोका ऐकवा, एक दिवा दाखवा. तोच ठोका पुनःपुन्हा द्या. माणूस सरावलेला घ्या. आणि ठोका व उत्तर यांमधला वेळ यंत्राने मोजा. एक गोष्ट बदलावयाची, बाकीच्या सगळ्या जशाच्या तशा ठेवावयाच्या, आणि परिणाम पाहावयाचा. प्रयोग म्हणतात तो एवढाच. घरची बाई चकलीच्या भाजणीत एका वेळी एकच जिन्नस कमीअधिक करून पाहते, तीही दुसरे काय करते?

पुढे या पद्धतीची नौका फुटली ती मात्र मजेदार रीतीने. व्युर्त्झबुर्गच्या मानसशास्त्रज्ञांना आत पाहिल्यावर असे विचार आढळले, की ज्यांच्यासोबत कसलेही चित्र किंवा संवेदना नव्हती. अमेरिकेत कॉर्नेलला टिचनरच्या शिष्यांना प्रत्येक विचाराशी कसली ना कसली संवेदना चिकटलेली दिसली. आता खरे कोणाचे? ताऱ्याविषयी दोघांचे जमले नाही तर तिसरा दुर्बिणीला डोळा लावतो. येथे तिसऱ्याला जागाच नाही! १९१३ साली वॉटसन याने भांडणाचे मूळच कापले. मन बिन काही नको, वर्तन पाहा, तो म्हणाला. जे चारचौघांना दिसते तेच शास्त्राचे. वर्तनवाद तो हाच.

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला आणि १९१६ साली त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याच कलकत्त्याच्या विद्वत्परंपरेतले तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे लहानसे पुस्तक १९३० साली अमळनेरच्या संस्थेने छापले. पुढे १९३३ ते १९३५ या काळात ते तत्त्वज्ञान मंदिराचे संचालकही होते.

पुस्तक भयंकर कठीण आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकेक वाक्य सुपारीसारखे दाताखाली धरून बसावे लागते. पण त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. मी 'झाड' म्हणतो तेव्हा तुमच्या-माझ्या ध्यानात एकच वस्तू येते. मी 'मी' म्हणतो तेव्हा? शब्द तोच तुम्हीही वापरता, पण माझा 'मी' तुमचा नव्हे. म्हणजे 'मी' हा बोट दाखवावा असा पदार्थच नाही; बोट दाखवणारा तोच आहे. मनाला वस्तू समजून त्याच्याकडे पाहावयास निघालेले मानसशास्त्र येथेच फसते, असे भट्टाचार्यांचे म्हणणे. त्यांच्या लेखी अंतर्निरीक्षण म्हणजे आतल्या दिवाणखान्यात डोकावणे नव्हे. ज्याला आजवर आपण 'मी' समजत होतो, त्यापासून पायरी पायरीने वेगळे होणे होय. शरीर बाहेरच्या वस्तूंहून वेगळे जाणवते. मग कल्पना आणि विचार शरीराहून वेगळे. मग भावना विचाराहून. असे सुटत जाणे म्हणजेच त्यांच्या मते स्वातंत्र्य.

या पायऱ्यांत एक पायरी मला सर्वांत आवडते, ती अभावाच्या ज्ञानाची. नसलेली वस्तू दिसत नाही. तरी 'ती नाही' हे आपल्याला स्वच्छ कळते. मीमांसक आणि वेदान्ती यांनी याला अनुपलब्धी म्हटले आणि ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. भट्टाचार्यांनी ते उचलून मनाच्या शोधाच्या मार्गात ठेवले. परवा दिवाळीच्या पहाटे मावशीने फराळाची ताटे मांडली, क्षणभर थांबली, आणि एक ताट उचलून पुन्हा मांडणीवर ठेवले. काका जाऊन आठ महिने झाले होते. वॉटसनच्या वहीत 'ताट उचलले' एवढी नोंद झाली असती, आणि ती खोटी नव्हती.

तरी माझे पुरते समाधान भट्टाचार्यही करीत नाहीत. दोन साधक आत गेले आणि दोन निराळ्या वार्ता घेऊन आले तर निवाडा कोणी करावयाचा? हे निरीक्षणच नव्हे, तेव्हा निवाड्याचा प्रश्न नाही, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण मग ते इतरांना पटवावे तरी कसे? शिवाय मनुष्य आपल्याच मनाविषयी किती बिनदिक्कत चुकतो, हे पुढे प्रयोगांनी दाखवले आहे. १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या अमेरिकनांनी एक निबंध लिहिला. दुकानात नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले. चारही अगदी एकसारखे. बायकांनी सर्वांत जास्त निवडला तो उजव्या टोकाचा. का निवडला म्हणून विचारले तर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. जागेमुळे निवडला असे आपण होऊन कोणीच म्हटले नाही. साड्यांच्या दुकानात तास तास घालवणाऱ्या भगिनींनी रागावू नये. पुरुष सदऱ्यांच्या दुकानात याहून शहाणे नसतात.

मावशीच्या शंकेलाही आता उत्तर निघाले आहे. शिकागोच्या मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९७० नंतरच्या दशकात माणसांजवळ खुणेची पिटुकली यंत्रे दिली. दिवसात केव्हाही यंत्र वाजावे आणि त्याच क्षणी माणसाने लिहावे, मी काय करतो आहे, कसे वाटते आहे. पंचवीस वर्षे ज्याला शास्त्राने घराबाहेर काढले होते, ते आत पाहणे असे मागच्या दाराने परत आले. पंचवीस म्हणजे कमीच म्हटली.

तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास करून साने गुरुजी १९२४ साली याच गावच्या शाळेत शिक्षक झाले, आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या ते गुपचूप झाडीत, कपडे धुऊन ठेवीत, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. त्यांनी ना प्रश्नावली वाटली, ना घड्याळ लावले. आजच्या पुस्तकांत याला 'सहभागी निरीक्षण' असे भारदस्त नाव आहे. गुरुजींना ते ऐकून नवल वाटले असते. या पद्धतीचा दोष उघड आहे : ज्याच्यावर माया केली त्याच्याविषयी तटस्थ कसे राहावे?

त्या मुलीची प्रश्नावली चाळीस प्रश्नांची होती. मावशीने सुखाला अखेर 'तीन' दिले, पुढचेही आकडे भराभर सांगितले. शेवटी छापले होते, 'आणखी काही सांगावयाचे आहे काय?', आणि खाली दोन ओळींची जागा. मावशी बोलू लागली. काकांचे आजारपण, मुंबईला गेलेला मुलगा, या वर्षी शेव जरा जाड का पडली. मुलीने पेन खाली ठेवले. तासाभराने ती उठली तेव्हा तिच्या हातात शेवेचा पुडा होता, आणि त्या दोन ओळी कोऱ्याच होत्या.