‘लेगे’ म्हणजे खेळणं

मराठीत मूल अंगणात खेळतं आणि सचिन क्रिकेट खेळतो. क्रियापद एकच. डॅनिश भाषेत मात्र इथे दोन शब्द लागतात. हारजीत असलेला खेळ, म्हणजे फुटबॉल, पत्ते, बुद्धिबळ, तो ‘स्पिले’. पियानो वाजवणं आणि नाटकात काम करणं हेही ‘स्पिले’च. पण मुलं भातुकली मांडतात, लपाछपी खेळतात, ते ‘लेगे’. लिहिताना ‘लेगे’, बोलताना त्यातला ‘ग’ गायब होतो आणि कानावर ‘लाय-अ’ असं काहीसं पडतं.

हे क्रियापद आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. 1932 साली मंदीमुळे बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांच्याकडे कामं येईनाशी झाली, तेव्हा ते लाकडी खेळणी बनवू लागले. 1934 मध्ये त्यांनी ‘लेग गॉट’, म्हणजे ‘छान खेळा’, या दोन शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव ठेवलं : लेगो! आज मुलं जोडतात त्या प्लास्टिकच्या विटेचं पेटंट 1958 सालचं.

याच शब्दाची दुसरी गोष्ट कोपनहेगनमधली. उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांच्या लक्षात आलं, की आखीव बागेपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेतून 1943 मध्ये एमड्रुप वस्तीत ‘स्क्रामेल-लेगेप्लाड्स’, म्हणजे भंगाराचं क्रीडांगण, सुरू झालं. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. मोठ्यांना मोकळीक नव्हती. पण इथे फळ्या, विटा, मोडकं सामान घेऊन मुलं मनाला येईल ते उभारत, पाडत, पुन्हा उभारत. देखरेखीला एक मोठा माणूस असे, पण काय खेळायचं ते तो सांगत नसे. युद्धानंतर 1946 मध्ये लेडी ॲलन यांनी हे पाहिलं आणि ही कल्पना ब्रिटनमध्ये नेली.

आजच्या डॅनिश घरात आणखी एक शब्द रोज ऐकू येतो, ‘लेगेआफ्टाले’. कोणाचं मूल कोणाकडे, कधी खेळायला जाणार, हे आईवडिलांनी आधी ठरवायचं. थोडक्यात, ‘लेगे’लाही आता वेळ घ्यावी लागते!

आपलं तरी वेगळं काय आहे? शनिवारी मराठी शाळा, मग पोहणं, रविवारी तबला आणि टेनिस. सगळं चांगलंच आहे, आणि आपण ते मायेपोटीच करतो. पण त्यात ‘स्पिले’ भरपूर आणि ‘लेगे’ किती, हे एकदा घरचं कॅलेंडर काढून बघायला हवं. एखादी दुपार मुद्दाम कोरी ठेवूया. मुलं आधी “कंटाळा आला” म्हणतील. म्हणू देत. खेळ त्यानंतरच सुरू होतो.