स्कंधघर्षणवेदना आणि व्यायामोपचार

प्रथम संज्ञा निश्चित करू. खांद्याच्या पात्याचा जो अस्थिभाग सांध्याच्या वर छतासारखा येतो, तो अंसकूट. अंसकूट आणि दंडाच्या हाडाचा गोल यांमधील अरुंद अवकाशातून रोटेटर कफ या स्नायुसमूहाचे कंडर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा बंध, जाते. त्यावर द्रवाची एक पातळ पिशवी असते. हात वर नेताना या भागांतून उद्भवणारी वेदना ती स्कंधघर्षणवेदना. हात बाजूने उचलला असता साधारणतः ६० ते १२० अंशांच्या दरम्यान ती विशेष जाणवते.

या वेदनेच्या दोन कारणमीमांसा आहेत. पहिली अस्थिमूलक. अंसकूटाखाली कंडर घासले जाते, हा विचार चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९७२ मध्ये मांडला आणि त्यावरून अंसकूटाचा अंश छाटण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश चाचणीत मात्र, हाड छाटलेल्या रुग्णांना केवळ दुर्बिणीने सांधा तपासलेल्या रुग्णांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. अर्थात, अवकाशाची अरुंदता हे वेदनेचे पुरेसे कारण नव्हे. दुसरी मीमांसा कार्यमूलक आहे : कंडरावर पडणारा भार त्याच्या सहनक्षमतेहून अधिक होतो. व्यायामोपचार या मीमांसेवर उभा आहे.

आता कार्य पाहू. हात उचलताना डेल्टॉइड स्नायू दंडाच्या हाडाचा गोल वर ओढतो. रोटेटर कफ त्याला खोबणीत स्थिर ठेवतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा सुमारे एक-तृतीयांश हालचाल पाते वर फिरल्याने घडते. ते फिरवणारे प्रमुख स्नायू सेरेटस अँटेरियर आणि ट्रॅपिझियस. यावरून उपचाराची दोन लक्ष्ये ठरतात : (१) रोटेटर कफ, (२) पात्याचे स्नायू. सांध्याची मागील बाजू आखडलेली असल्यास तिला ताण देणे हे तिसरे, आनुषंगिक लक्ष्य.

उपचारापूर्वी तीन अवस्था वगळाव्यात. (१) दुसऱ्याने वळवूनही हात बाहेरच्या दिशेस वळत नसेल, तर सांधा गोठल्याचा संशय घ्यावा. (२) पडल्यानंतर हात अकस्मात उचलेनासा झाल्यास कंडर तुटलेले असू शकते. (३) कोपराखाली मुंग्या येत असतील तर मान तपासावी.

उपचाराचे टप्पे तीन. पहिल्यात सांधा न हलवता स्नायू आकुंचित करावा : कोपर काटकोनात वाकवून हाताची मागील बाजू भिंतीवर दाबावी. दुसऱ्यात रबरी पट्ट्याचा प्रतिरोध. कोपर व बरगड्या यांमध्ये घडी केलेला टॉवेल धरून हात बाहेर वळवावा आणि सावकाश परत आणावा. पट्टा हात खेचून नेऊ लागला, तर भार अधिक आहे असे समजावे. पात्यासाठी भिंतीवर हात टेकून दंड काढावेत व शेवटी पाठ थोडी मागे ढकलावी. तिसऱ्या टप्प्यात वजन खांद्याच्या वर नेण्याचा सराव, कारण रुग्णास फळीवरचा डबा काढावयाचा असतो.

मात्रेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या स्वीडिश चाचणीत शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतील रुग्णांचे दोन गट केले होते. दोहोंना स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले, व्यायामही मिळाला. पण एका गटाचा व्यायाम वाढत्या भाराचा होता, दुसऱ्याचा भाररहित हालचालींचा. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे २० टक्के, तर दुसऱ्यातील ६३ टक्के रुग्णांनी शस्त्रक्रिया निवडली. तेथील वेदनानियम असा : दहापैकी पाचपर्यंत वेदना ग्राह्य, मात्र पुढील सत्रापूर्वी ती शमली पाहिजे. न शमल्यास भार कमी करावा, व्यायाम सोडू नये.

निष्कर्ष असा : केवळ हालचाल हा उपचार नव्हे, क्रमशः वाढवलेला भार हा उपचार आहे. त्याची परीक्षा किमान १२ आठवडे नियमाने केल्याविना व्यायाम निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही.