बेने इस्रायलांचे मराठी प्रार्थनाग्रंथ आणि हिब्रू परंपरा

हिब्रू वाङ्मयाच्या इतिहासात धर्मग्रंथ एकटा क्वचितच नांदला आहे. संहिता हिब्रू आणि तिच्या शेजारी लोकभाषेतील विवरण, ही तेथील जुनी व्यवस्था होय. तोराचे ओंकेलोसकृत अरामी भाषांतर व दहाव्या शतकातील सादिया गाओनचे अरबी भाषांतर ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. कोकणातील बेने इस्रायल समाजाची मराठी पुस्तके याच मालिकेतील आहेत. तथापि एका बाबतीत ती निराळी ठरतात.

ती बाब लिपीची. यिद्दिश, लादिनो, यहुदी-अरबी या भाषा यहुद्यांनी परंपरेने हिब्रू अक्षरांत लिहिल्या. बेने इस्रायलांनी आपली मराठी मुख्यतः बालबोधातच ठेवली. याचा उलगडा त्यांच्या इतिहासात होतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून तेल गाळणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’चा धर्म शब्बाथ, सुंता आणि मुखोद्गत ‘शमा’ यांच्या आधारे टिकला होता. ग्रंथांचा आधार त्यास नव्हता. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. सारांश, हिब्रू ग्रंथविद्या या समाजात रुजली ती मराठी अक्षरओळखीच्या सोबतीने. मग मराठीसाठी हिब्रू अक्षरे उसनी घेण्याचे प्रयोजनच उरले नाही.

वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाली. हिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. पुढे जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

या भाषांतरांनी हिब्रूला हटविले नाही. पठण हिब्रूतच राहिले. अर्थ मात्र मराठीतून उमगू लागला. स्मरणावर जगणारा समाज अशा रीतीने ग्रंथावर जगणारा झाला. हे कार्य केवळ अनुवादाचे म्हणून गौण लेखणे युक्त नव्हे.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये गेला, आणि दोन्ही भाषांचे स्थान उलटले. तेथे वाढलेल्या नातवंडांना हिब्रू मजकूर सहज वाचता येतो. आजोबांना अर्थ सांगणारा मराठी मजकूरच त्यांस परका झाला आहे. तो वाचण्याची जबाबदारी यापुढे मराठीच्या अभ्यासकांवर येते. हिब्रूच्या अभ्यासकास मराठी येईल ही अपेक्षा धरता येत नाही; आणि आपल्या वाङ्मयेतिहासाने ही पुस्तके परधर्मीयांची म्हणून बाजूस ठेवली, तर त्यांस वाचक कोठून लाभणार?